पट्ट्यावरची सात मिनिटं

साताऱ्यात कुणाच्या घरी काही चांगलं घडलं की कंदी पेढे येतात. २०२१ च्या दिवाळीनंतर असाच एक पुडा आमच्या घरी आला. घेऊन आले होते अण्णा. आमच्या शेजारच्या गल्लीत राहायचे, लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचे. अण्णांची आणि माझी बायपास एकाच वर्षी झालेली, २०१८ साली. त्यांची जूनमध्ये, माझी ऑक्टोबरमध्ये. त्यामुळं आमचं एक वेगळंच नातं जुळलं होतं. छातीवरचा उभा टाका ज्याला असतो तो दुसऱ्या टाकेवाल्याला गर्दीतही ओळखतो. अण्णांनी पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “भाईसाहेब, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह आली. काही निघालं नाही. सुटलो!”

चार-सहा महिन्यांनी माझी टेस्ट झाली. माझ्या कागदावर खाली लिहिलं होतं, पॉझिटिव्ह. आमच्या घरी पेढे आले नाहीत. त्या रात्री स्वयंपाकही धड झाला नाही.

आज अण्णा नाहीत आणि मी आपल्याशी बोलतो आहे. यात माझी हुशारी काही नाही. खरं सांगायचं तर आम्ही दोघांनीही आपापला कागद चुकीचा वाचला होता. फक्त माझी चूक दुरुस्त व्हायला मला वेळ मिळाला आणि त्यांना तो मिळाला नाही. म्हणून हा कागद कसा वाचावा, त्यातलं काय खरं आणि काय आपण आपल्या मनानं त्यात घालतो, एवढंच सांगण्यासाठी आज आलो आहे.

मी डॉक्टर नव्हे. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो, कचेरीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. विज्ञान शाळेतच सुटलं. त्यामुळं मला जे समजलं ते मी वारंवार प्रश्न विचारून, डॉक्टरांचा वेळ खाऊन समजून घेतलेलं आहे. प्रत्येक पेशंटचा सल्ला त्याच्या डॉक्टरनंच द्यायचा असतो. पण सल्ला ऐकणाऱ्यालाही चार शब्द माहीत असले तर बोलणं सोपं होतं.

बायपासनं काय होतं, काय होत नाही

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. या धमन्यांत चरबीचे थर साचले की वाट अरुंद होते. बायपासमध्ये डॉक्टर तो थर काढत नाहीत. अडलेल्या जागेच्या पुढं रक्त पोचवण्यासाठी ते दुसरी वाट जोडून देतात. पायातली शीर वापरून अशी वाट काढण्याची पद्धत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड इथं डॉ. रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं १९६७ साली रूढ केली. या जोडलेल्या नळीला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. आपल्याकडं आंब्याला करतात ते कलम, तोच हा शब्द. मी तर त्याला कलमच म्हणतो.

मला तीन कलमं लागली. एक छातीच्या आतल्या बाजूला असलेल्या धमनीचं आणि दोन पायातल्या शिरेची. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. छातीतली धमनी ही जन्मापासून धमनीच, रक्ताचा दाब सोसायची तिला सवय. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला ती जोडली तर दहा वर्षांनीही दहातली सुमारे नऊ कलमं वाहती असतात. पायातली शीर मात्र कमी दाबाच्या रक्ताला सरावलेली. तिला एकदम धमनीचं काम करावं लागतं. पहिल्याच वर्षात शंभरातली दहा-वीस शिरेची कलमं बंद पडतात आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्मी बंद तरी झालेली असतात किंवा खराब तरी.

म्हणजे बायपास झाली की आजार गेला असं नाही. आजार आहे तिथंच आहे, रक्ताला फक्त दुसरा रस्ता मिळाला. नवा रस्ताही जुना होतो. तंबाखू, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही माणसं जुन्या रस्त्याची वैरी होती, ती नव्या रस्त्याचीही वैरीच आहेत. ही गोष्ट मला ऑपरेशनच्या आधी कुणीतरी सांगितली असेल. पण आधी ती ऐकू येण्यासारखी मनःस्थिती नसते.

ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे दोन-अडीच महिने छातीचं हाड सांधण्यात जातात. हातांवर भार द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. मी त्या काळात नमाज खुर्चीवर बसून पढत होतो, कारण सजद्यात हातांवर भार येतो. या दिवसांत छातीत दुखतंच. पण ते दुखणं वेगळं. खोकलं, कूस बदलली, बोटानं दाबलं की टोचतं, ते बहुधा हाडाचं आणि टाक्यांचं. चालताना, चढताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतं, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरतं आणि थांबलं की कमी होतं, ते हृदयाचं. हा फरक डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत समजावला, तो मी आजही विसरलेलो नाही.

पट्टा आणि घाट

२०२२ साली मला चढावर दम लागू लागला. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं सकाळी मी जिथपर्यंत न थांबता जायचो, तिथं मला दोनदा थांबावं लागायला लागलं. दुखत नव्हतं, नुसता दम. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस टेस्ट करून घेऊ.

आपल्याकडं हिला पट्ट्यावरची टेस्ट म्हणतात. छातीवरचे केस काढून दहा तारा लावतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात आणि फिरत्या पट्ट्यावर चालायला लावतात. पट्टा किती वेगानं फिरावा आणि किती तिरका व्हावा, याचं वेळापत्रक सिॲटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलं आणि जगभर अजून तेच वापरतात. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, आणि चढ असा की शंभर फूट पुढं गेलं तर दहा फूट वर. पुढची तीन मिनिटं ताशी ४ किलोमीटर, चढ बारा फुटांचा. त्यानंतरची तीन मिनिटं जवळजवळ साडेपाच किलोमीटर, चढ चौदा फुटांचा. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि घाटही वाढतो.

यामागची कल्पना साधी आहे. बसलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त कमी लागतं. वाट निम्म्याहून अधिक बुजलेली असली तरी बसल्या जागी ते भागतं. आमच्या सार्वजनिक नळासारखं आहे. एकच घागर भरायची असते तेव्हा नळाची धार कमी आहे हे कळत नाही. लग्नघरी वीस घागरी लागल्या की कळतं. पट्टा हे लग्नघर. हृदयाला जास्त रक्त मागायला लावायचं आणि ते मिळतं की नाही हे तारांवरून बघायचं.

जाण्याआधी दोन-तीन तास काही खायचं नाही, तंबाखू-सिगारेट नाही, चहा-कॉफीबद्दल तिथं विचारायचं. आणि एक महत्त्वाचं. नाडी हळू ठेवणाऱ्या काही गोळ्या असतात, त्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. टेस्टच्या दिवशी त्या घ्यायच्या की नाहीत हे डॉक्टरनंच ठरवायचं. कधी ते थांबवतात, कधी मुद्दाम चालू ठेवतात. आपण होऊन बंद केल्या तर छातीचं दुखणं अचानक वाढू शकतं.

कागदावरच्या ओळी

मी सात मिनिटं चाललो. घामानं भिजलो, पाय भरून आले, मी थांबा म्हणालो. तासाभरानं एका पाकिटात कागद मिळाला. ज्या निदान केंद्रात ही टेस्ट झाली, तिथं त्या वेळी समजावून सांगायला कुणी थांबलेलं नव्हतं. मी पोवई नाक्यावरच पाकीट उघडलं आणि थेट शेवटची ओळ वाचली. पॉझिटिव्ह. माझ्यासारखीच ही चूक बहुतेक सगळे करतात. कविता वाचताना कुणी शेवटची ओळ आधी वाचत नाही. हा कागदही वरून खाली वाचायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

मी तीन महिने गप्प बसलो. चालणं सोडलं. जिना चढायचा तर दोनदा विचार करायचा. मुलीचं लग्न ठरत होतं, मी पाहुण्यांसमोर बसायचो पण मनात एकच, कलमं गेली, आता पुन्हा छाती उघडणार. शेवटी मुलगीच चिडली. म्हणाली, “अब्बा, तुम्ही कागदाला घाबरताय की आजाराला? चला, विचारून येऊ.” ती मला पुण्याला, जिथं माझं ऑपरेशन झालं होतं तिथल्या वयस्कर डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. ती ओळख मी तुम्हाला करून देतो.

पहिली ओळ, किती वेळ चाललो. माझी सात मिनिटं दहा सेकंद. याच्या शेजारी मेट्स नावाचा आकडा असतो. शांत बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो तो एक मेट. न थांबता दोन जिने चढायचे तर साधारण चार मेट्स लागतात. पाचाच्या खाली दम संपला तर काळजीचं, दहाच्या वर गेलं तर फार चांगलं. माझे आठ होते. डॉक्टर म्हणाले, “या कागदावरचा सर्वांत मोलाचा आकडा हा आहे, आणि पेशंट तो बघतच नाहीत.” २००२ साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पुरुषांच्या अशा टेस्ट तपासल्या, तेव्हा दिसलं की ताकद एका मेटनं जास्त असली तर जगण्याची शक्यता सुमारे बारा टक्क्यांनी सुधारलेली असते. मी मात्र घाबरून तीन महिने चालणं सोडून नेमका हाच आकडा खाली आणत होतो.

दुसरी ओळ, नाडी. २२० मधून वय वजा करायचं, त्याच्या पंच्याऐंशी टक्के नाडी गेली तर टेस्ट पुरेशी झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. माझं वय तेव्हा ५४. म्हणजे १६६, आणि त्याचे पंच्याऐंशी टक्के १४१. माझी नाडी १२८ लाच थांबली, कारण मी नाडी हळू ठेवणारी गोळी घेत होतो. अशा वेळी टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती अपुरी म्हणायची. घागरी वीस लागणार होत्या, आपण बाराच भरून बघितल्या. आणखी एक बघायचं. थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली. ती बाराहून अधिक ठोक्यांनी उतरली पाहिजे. माझी वीसनं उतरली होती. हे चांगलं लक्षण.

तिसरी ओळ, रक्तदाब. चालताना वरचा आकडा वाढायलाच हवा, खालचा साधारण तिथंच राहतो. माझा वरचा १३० वरून १७० वर गेला. लोक हा आकडा बघून घाबरतात, पण श्रमात तो चढणं हे हृदयाला जोर असल्याचं लक्षण आहे. भीती उलट असते. चालता चालता वरचा आकडा बसलेल्या वेळेपेक्षाही खाली गेला तर ते गंभीर मानतात आणि पट्टा लगेच थांबवतात.

चौथी ओळ म्हणजे एस.टी. आपल्याला एस.टी. म्हटलं की स्टँड आठवतो. डॉक्टर म्हणाले, “तुमची एस.टी. एक मिलिमीटर खाली गेली आहे.” मी म्हणालो, “साहेब, आमच्याकडं ती घाटातून खाली गेली तर पेपरात येतं.” ते हसले आणि त्यांनी आलेख दाखवला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची रेघ काढताना तिच्या टेकड्यांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत. एस आणि टी यांच्यामधला जो सपाट तुकडा, तो एस.टी. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की हा तुकडा खाली खचतो. एक मिलिमीटर किंवा अधिक खचला आणि सपाट किंवा उतरता राहिला तर पॉझिटिव्ह म्हणतात. खचून वर चढत गेला तर त्याला तेवढं महत्त्व नाही. आणि रेघ खचली म्हणजे कुठली धमनी अडली, हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही.

पाचवी ओळ, काय वाटलं. छातीत दुखलं का, चक्कर आली का, थांबवलं ते कशासाठी. मी थांबलो पायांमुळं, छातीमुळं नव्हे. पण न दुखणं हा पूर्ण दिलासा नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बायपास झालेल्यांना रक्त कमी पडूनही काहीच न दुखणं शक्य आहे. मला दुखत नव्हतं, नुसता दम लागत होता, हेही त्यातलंच.

या ओळी एकत्र करायचा एक हिशेब आहे, तो ड्यूक या अमेरिकन विद्यापीठाच्या नावानं ओळखतात. चाललेली मिनिटं घ्यायची. एस.टी. जितके मिलिमीटर खचली त्याच्या पाचपट वजा करायचे. छातीत दुखलं तर त्याचे चार, आणि दुखल्यामुळं थांबावं लागलं तर आठ वजा करायचे. उत्तर पाच किंवा वर आलं तर धोका कमी, उणे अकरा किंवा खाली आलं तर जास्त. माझं सात उणे पाच, म्हणजे दोन. मधला. बायपास झालेल्यांत हा हिशेब जपून वापरायचा असतो, पण नुसत्या पॉझिटिव्ह या शब्दापेक्षा तो पुष्कळ बोलतो.

पॉझिटिव्ह म्हणजे निकाल नव्हे

डॉक्टरांनी मग मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चकित झालो. ही टेस्ट चुकते. धमनीत खरोखर मोठा अडथळा असलेल्या शंभर जणांना पट्ट्यावर चालवलं तर सुमारे सत्तर जणांत ती पकडते, तीस जण निसटतात. आणि अडथळा नसलेल्या शंभरांतल्या वीस-पंचवीस जणांना ती उगाच पॉझिटिव्ह म्हणते. बायकांत असा खोटा पॉझिटिव्ह अधिक येतो. बायपास झालेल्या माणसाच्या हृदयाची रेघ बहुतेक वेळा बसल्या जागीच बदललेली असते. तिच्यावर आणखी काय बदललं हे ओळखणं अवघड. पेसमेकर असेल किंवा हृदयाच्या डाव्या बाजूच्या वायरिंगमध्ये बिघाड असेल, तर पट्ट्यावरची नुसती रेघ वाचून निष्कर्ष काढूच नये.

म्हणून आमच्यासारख्यांना पुढची पायरी चित्राची. एक म्हणजे स्ट्रेस इको, श्रमानंतर लगेच सोनोग्राफीनं हृदयाची भिंत नीट हलते का ते बघतात. दुसरी, जिला लोक अजून थॅलियम म्हणतात. आता त्यात बहुधा टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरतात, पण नाव जुनंच राहिलं. तो शिरेतून देतात आणि हृदयाच्या कुठल्या भागात किती पोचला याचं चित्र काढतात. एकदा श्रमानंतर, एकदा विश्रांतीत. ज्यांना चालता येत नाही त्यांना औषधानं तेच साधतात. त्या औषधाच्या टेस्टआधी चहा-कॉफी आणि चॉकलेट बारा ते चोवीस तास बंद ठेवायला सांगतात.

या चित्राच्या कागदावर दोन शब्द असतात, त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. श्रमात एखादा भाग फिका दिसला आणि विश्रांतीत भरून आला, तर तिथं स्नायू जिवंत आहे पण रक्त अपुरं पडतं. याला रिव्हर्सिबल म्हणतात. दोन्ही वेळा फिकाच राहिला तर तो बहुधा जुन्या झटक्याचा व्रण, त्याला फिक्स्ड म्हणतात. माझ्या चित्रात खालच्या भिंतीवर एक जुना व्रण निघाला, बायपासच्या आधीच्या झटक्याचा, आणि त्याच्या कडेला छोटासा भाग श्रमात फिका पडणारा. पुढची मोठी भिंत व्यवस्थित होती. म्हणजे छातीतल्या धमनीचं कलम आपलं काम करत असणार आणि पायातल्या शिरेचं एखादं अरुंद झालं असणार. हृदयाची ताकद पन्नास टक्के. हा आकडा ऐकूनही लोक दचकतात, निम्मंच हृदय चालतं म्हणून. तसं नाही. धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साठेक टक्केच टाकतं.

मी विचारलं, “मग आता पुन्हा ऑपरेशन?” डॉक्टरांनी नाही म्हटलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. ३७ देशांतल्या ५१७९ पेशंटांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष निघाला होता. निम्म्यांना लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी नीट औषधं. काही वर्षांनी बघितलं तर मृत्यू आणि झटके यांत लगेच ऑपरेशन केलेल्यांचा ठळक फायदा दिसला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखत होतं त्यांना आराम मात्र जास्त मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फारच कमजोर झालेले पेशंट त्या अभ्यासात नव्हते, म्हणून हा नियम सगळ्यांना लावायचा नाही. पण माझ्यासारख्या लहान दोषाला औषधं, चालणं आणि लक्ष ठेवणं हाच पहिला मार्ग होता. गोळ्यांत बदल झाला. दोन महिन्यांत दम कमी झाला. मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात मी तीन तास उभा होतो.

निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे

आता अण्णांबद्दल. अण्णांचा कागद निगेटिव्ह होता आणि तो खोटा नव्हता. त्या दिवशी, त्या श्रमाला, त्यांच्या हृदयाला रक्त पुरत होतं, एवढंच तो कागद सांगत होता. अण्णांनी त्यात वाचलं की आजार संपला. आधी कोलेस्टेरॉलची गोळी सुटली, पोटाला त्रास होतो म्हणून. मग रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन. तंबाखूची पुडी परत खिशात आली. मी एकदा बोललो, तर म्हणाले, “टेस्ट निगेटिव्ह आहे ना माझी. तुम्ही तुमचं बघा.” माझा कागद पॉझिटिव्ह होता, त्यामुळं मला पुढं बोलायचा अधिकार आहे असं मलाही वाटलं नाही. ती खंत अजून जात नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. गॅस असेल म्हणून दोन तास ओवा चावण्यात गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे असं का होतं, हे मी नंतर विचारलं. पट्ट्यावरची टेस्ट मोठा अडथळा शोधते, साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक वाट बुजलेली असेल तर. पण पुष्कळ झटके छोट्या अडथळ्याच्या जागी येतात. चाळीस-पन्नास टक्क्यांचा थर, चालताना काही त्रास देत नाही, टेस्टमध्ये दिसत नाही. एक दिवस त्याचं वरचं साल फाटतं, तिथं रक्ताची गाठ धरते आणि काही मिनिटांत वाट पूर्ण बंद होते. हे साल फाटू नये म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, आणि फाटलं तरी गाठ मोठी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन. तंबाखू या दोन्ही गोष्टी उलट्या करते. म्हणजे निगेटिव्ह टेस्ट ही गोळ्या सोडण्याची परवानगी नव्हे. त्या गोळ्या चालू असल्यामुळंच ती निगेटिव्ह राहते, असं समजावं.

मी रमजानचे रोजे धरावेत की नाही, आणि धरले तर सेहरी आणि इफ्तार यांत गोळ्या कशा बसवायच्या, हे दरवर्षी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारतो. आपल्या मनानं एकही गोळी मागं-पुढं करत नाही. आषाढी-एकादशी करणाऱ्या मित्रांनाही मी तेच सांगतो.

काही विचारण्याजोगं

मंडळी, एक प्रश्न मला नेहमी विचारतात. बायपासनंतर ही टेस्ट दरवर्षी करावी का? पूर्वी पुष्कळ ठिकाणी तशी पद्धत होती. आता मत बदललं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी २०२३ साली दिलेल्या सूचनांत म्हटलं आहे की, माणसाच्या तब्येतीत काही बदल नसेल तर नुसती वर्ष झालं म्हणून टेस्ट करू नये. दम वाढला, चालण्याची ताकद घटली, छातीत काही नवीन वाटू लागलं, दुसरं मोठं ऑपरेशन करायचं आहे, किंवा व्यायामाचा कार्यक्रम आखायचा आहे, अशा वेळी डॉक्टर ती सांगतात. कलमांचंच चित्र बघायचं असेल तर आता सी.टी. अँजिओग्राफीनंही ती चांगली दिसतात. कुठली टेस्ट, हे प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. म्हणून टेस्ट लिहून दिली की आधी विचारावं, “साहेब, यातून आपण काय शोधतो आहोत, आणि उत्तर आलं तर पुढं काय बदलणार?”

कागद हातात आला की आणखी चार प्रश्न. मी किती मेट्स चाललो? नाडी पुरेशी गेली का? रेघ आधीपासून बदललेली होती का? आणि हा निष्कर्ष यंत्रानं छापला आहे की डॉक्टरनं आलेख बघून लिहिला आहे? यंत्र स्वतःच मजकूर छापतं आणि तार हलली, घाम आला, तरी त्याला रेघ खचल्यासारखी वाटू शकते. जुने कागद फेकू नका. मागच्या वेळचे मेट्स आणि या वेळचे, मागची रेघ आणि ही, यांची तुलना केली की एकट्या कागदापेक्षा जास्त कळतं.

आणि एक गोष्ट प्रश्न न विचारता करायची. बसल्या जागी छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, ते पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर टेस्टची वेळ घ्यायची नाही, ओवा चावायचा नाही, १०८ ला फोन करायचा. तिथं मागचा कागद निगेटिव्ह होता की पॉझिटिव्ह, हे बघायचंही कारण नाही.

माझा तो कागद मी जपून ठेवला आहे. त्याच्या मागं डॉक्टरांनी पेन्सिलीनं एक आकडा लिहून दिला होता, रोज चाळीस मिनिटं. मी सकाळी सदर बझारातून निघतो, अजिंक्यताऱ्याच्या वळणापर्यंत जातो आणि परत येतो. वाटेत अण्णांची वखार लागते. त्यांचा मुलगा आता तिथं बसतो. मागच्या महिन्यात त्यानं मला हाक मारली, त्याच्या आईची पट्ट्यावरची टेस्ट झाली होती आणि कागद त्याच्या हातात होता. तो म्हणाला, “चाचा, जरा बघता का? खाली निगेटिव्ह लिहिलंय.” मी म्हणालो, “खालून नको, वरून वाचू. चष्मा घेऊ दे.”